बिविल्डर्ड म्हणजे खवळलेला

कवठे महांकाळच्या हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवतो. बिविल्डर्ड हा शब्द पहिल्यांदा धड्यात आला, तेव्हा मलाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. पण त्याच्या स्पेलिंगमध्ये वाइल्ड दिसलं, आणि वाइल्ड म्हणजे रानटी एवढं मला येत होतं. मी फळ्यावर ठोकून दिलं, ‘बिविल्डर्ड – खवळलेला’. खिशातल्या मोबाइलमध्ये शब्दकोश होता, पण पोरांसमोर तो उघडायचा म्हणजे कमीपणा. पुढची कितीतरी वर्षं मी तो अर्थ तितक्याच ठसक्यात सांगत राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात जतकडची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. पुण्याच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती.

“मुलाखतीत तुमचाच शब्द आला, सर,” ती म्हणाली. मी बायकोकडे अभिमानानं बघितलं.

“त्यांनी विचारलं, पेशंटचे नातेवाईक बिविल्डर्ड असले तर काय करशील? मी म्हटलं, आधी वॉचमनला बोलवीन.”

“बरोबर हाय की,” मी म्हणालो.

“न्हाई सर. मोठ्या सिस्टर हसल्या. म्हणाल्या, अगं, बिविल्डर्ड म्हणजे भांबावलेला. एवढा गोंधळलेला, की पुढं काय करावं तेच सुचत न्हाई.”

माझा पेढा हातातच राहिला. “मग?”

“मग म्हटलं, त्यांना बसवीन, पाणी देईन, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्या भाषेत सांगीन. मला कन्नडबी येतं, म्हटलं. त्यांनी घेतलं मला.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. तरी खोड जाईना. “जुन्या इंग्रजीत तसाही अर्थ असेल,” मी पुटपुटलो.

बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. “आवं, चुकलं म्हणा आन मोकळं व्हा,” ती म्हणाली.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. पोरगी गोरीमोरी होऊन, “असू द्या सर,” म्हणाली.

शाळा उघडल्यावर दहावीच्या वर्गात मी खरा अर्थ फळ्यावर लिहिला आणि कबूल केलं, की गेल्या वर्षी नववीत मी चुकीचा सांगितला होता. वाटलं होतं, वर्ग हसेल. पण पोरांनी मुकाट्यानं वह्यांत उतरवून घेतलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

“सर, गेल्या वर्षीचं आणखी काय काय खोडायचं?”

मी तिला जुनी वही घेऊन मधल्या सुट्टीत यायला सांगितलं. मोबाइलमधला शब्दकोश उघडून आम्ही पहिल्या पानापासून तपासत बसलो. सुट्टी संपली तेव्हा आम्ही चौथ्या पानावर होतो.