आईकडं वळलेली नजर

त्या वर्षी माझं काम सांगायला सोपं, पण ऐकणाऱ्याच्या गळी उतरवायला अवघड होतं. आठ-नऊ महिन्यांची बाळं आणि कुत्री विचार कसा करतात, हे मी कॉम्प्युटरच्या मदतीनं शोधत होते. पडद्यावर एक चेंडू घरंगळत फळीमागं जायचा. फळी उचलली की चेंडू गायब. ज्याला नवल वाटेल तो पडद्याकडं जास्त वेळ बघेल, असा आमचा अंदाज. कॅमेरा चेहरा टिपायचा आणि मी लिहिलेला प्रोग्राम नजर मोजायचा. नजर पडद्यावरून हटली की नोंद व्हायची, ‘लक्ष नाही’.

आईच्या मांडीवर बसलेल्या बाळांचं चित्रण शिरूरजवळच्या एका अंगणवाडीत आटोपलं होतं. कुत्र्यांची सुरुवात करायला मी यवतच्या अलीकडं वडिलांच्या ओळखीच्या एका आप्पांच्या शेतावर गेले. पडवीत लॅपटॉप मांडला. खुर्चीत आप्पा, पायाशी त्यांचा तांबडा कुत्रा.

चेंडू गायब झाला. कुत्र्यानं कान टवकारले आणि मान वळवून आप्पांकडं बघितलं. नोंद झाली, लक्ष नाही. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

“आप्पा, तुमचा कुत्रा लक्षच देत नाही हो.”

“कोन म्हनलं?”

“हा कॉम्प्युटर.”

आप्पा कुत्र्याकडंच बघत होते. “पोरी, त्यो मला इचारतोय. चेंडू कुठं गेला म्हून. मला बी ठावं न्हाई, हे त्याला काय म्हाईत!”

शिक्रापूरच्या माझ्या खोलीवर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळांची ‘लक्ष नाही’ म्हणून बाजूला पडलेली चित्रणं पहिल्यांदाच उघडली. एक बाळ खरंच पेंगत होतं, एक पंखा बघत होतं. पण बाकीची बरीचशी, चेंडू नाहीसा होताच, मान मागं टाकून आईचा चेहरा शोधत होती. मला लाज वाटली. पुण्याला माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला.

“मॅडम, मी पाठवलेले निकाल चुकलेत.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “माणसाकडं बघणं वेगळं मोज. पण ‘विचारतात’ असं लिहू नकोस. ‘बघतात’, एवढंच लिही.”

पुढचे दोन महिने आणखी कुत्र्यांचं चित्रण केलं आणि एकेका चित्रणावर हातानं खुणा करत मी प्रोग्रामला ते शिकवलं. चेंडू गायब झाला की बाळं आणि कुत्री, दोघंही आपल्या माणसाकडं जास्त वळत होती. मी ‘बघतात’ असंच लिहिलं.

मग चित्रणं दाखवायला अंगणवाडीत गेले. चित्रणाच्या वेळी आयाही चेंडूच बघत होत्या, त्यामुळं मांडीवरचं बाळ कधी वळलं ते कुणालाच कळलं नव्हतं. एकीनं माझा मोबाइल हातात घेतला आणि आपल्या मुलीचा वर वळलेला चेहरा बघत राहिली.

“माझ्याकडं बघत हुती व्हय ही?” ती म्हणाली. “परत लावा की, ताई.”

मी परत लावलं.