नाकाचा भरवसा

उस्मानपुऱ्यातल्या त्या गॅरेजवाल्या चाचांचं नाव मी कधी विचारलंच नाही. गंजलेली टाकी बदलून टाका म्हटलं की ते दुखावायचे. माझ्या जुन्या मोटारीची गंजून गळणारी पेट्रोलची टाकी त्यांनी खडी घालून खळखळवली, तीनदा पाण्यानं धुतली आणि माझ्या नाकाशी धरली.

"साहेब, नीट हुंगा. माझं नाक पेट्रोलनं कवाच मेलंय. वास राहिला, तर वेल्डिंग करताना टाकी फुटंल."

मी दोनदा हुंगलं. "नाही चाचा, वास नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग तुम्ही रस्त्याच्या पलीकडं थांबा," म्हणत त्यांनी गॅस पेटवला आणि ते टाकीवर वाकले.

पलीकडं उभा राहून मी पुन्हा पुन्हा श्वास घेऊन पाहत होतो, नाक चोंदलेलं तर नव्हतं ना.