दोन हॉर्न

आमच्या मिलबर्न गावात माझ्या वडिलांबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. म्हणून ते काम मी करते आहे.

व्हर्लिन ओस्टग्रेन, टपालमार्ग क्रमांक दोन, छत्तीस वर्षं. नेब्रास्कातल्या खडीच्या रस्त्यांवर रोज सत्तर मैल, आठवड्यातले सहा दिवस. गाडी स्वतःची. स्टिअरिंग डावीकडे आणि हे बसणार उजवीकडे, डावा हात नि डावा पाय लांबवून गाडी हाकणार, कारण घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला. त्यामुळे त्यांचा डावा खांदा कायमचा खाली उतरला होता. शिंप्याला कोटाच्या एका बाजूला जास्त कापूस भरावा लागायचा. ह्या खांद्याचंसुद्धा गावाला कौतुक.

पण त्यांचं खरं नाव झालं ते हॉर्नमुळे. एप्रिल उजाडला की शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या पोरांचं लक्ष रस्त्याकडे लागायचं. कॉलेजांची उत्तरं टपालाने यायची आणि उत्तर काय आहे ते पाकीट न उघडताच कळायचं. जाड पाकीट म्हणजे घेतलं; आत खोलीचे फॉर्म, फीचे कागद, नकाशा. पातळ पाकीट म्हणजे एकच पान, ‘कळवण्यास खेद होतो’. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डॅड पाकीट तळहातावर एकदा तोलायचे आणि जाड असलं तर त्या घराच्या अलीकडच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचे. घरातली माणसं पिठाच्या हातांनी बाहेर धावत यायची. पातळ असलं तर गाडी गुपचूप यायची, पेटीचं झाकण वाजायचं आणि गाडी निघून जायची. पोस्टाच्या नियमात हे बसत नव्हतं, पण पोस्टमास्तरांच्या स्वतःच्या मुलासाठीही हॉर्न वाजलेला असल्यामुळे नियम कोण काढणार!

१९८८ साली मी सतरा वर्षांची होते आणि मला समुद्र शिकायचा होता.

हसू नका. आमच्या गावापासून कुठल्याही दिशेला समुद्र सातशे मैलांच्या आत नाही. मी तो पाहिलाही नव्हता. पण शाळेच्या वाचनालयात भरती-ओहोटीवरचं एक जाडजूड पुस्तक होतं आणि ते माझ्याशिवाय कुणीच घरी नेत नसे. मेन राज्याच्या किनाऱ्यावर वॉर्डवेल नावाचं सरकारी कॉलेज होतं, त्यांची स्वतःची बोट होती. मी तिथे अर्ज केला आणि आमच्या राज्याच्या विद्यापीठातही केला. तिथे तर सगळेच करायचे. तिथून जाड पाकीट मार्चमध्येच आलं, हॉर्न वाजला, डॅडनी केकही आणला.

केक खाता खाता वाद सुरू झाला.

“आपल्या राज्याच्या पोरांना अर्धी फी,” डॅड म्हणाले. “का? कारण मी मिशी फुटल्यापासून त्या विद्यापीठासाठी कर भरतोय. ते आपलंच दुकान आहे, मार्ला. घरच्या दुकानात मिळत असताना लोकांच्या दारात कशाला जायचं?”

“व्हर्लिन, तुझ्या दुकानात समुद्र मिळतो का?” आई म्हणाली. माझी आई लोइस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि तीनशे पोरांना दामटायची तिला सवय होती.

“मासे मिळतात. शेतकी विभागात तळं आहे.”

“तळं!” आईने कपाळावर हात मारला. “पोरगी समुद्र म्हणतेय आणि बाप तळं दाखवतोय.”

“आणि बाहेरच्यांना तिथे दुप्पट लावतात, ते कोण भरणार? तुझे बटाटे?”

“बटाटे भरतील. दुसरी पाळी घेईन मी.”

 डॅड काट्याने केकचा तुकडा चिवडत म्हणाले, “आधी पाकीट तर येऊ दे.”

ते आलं चौदा एप्रिलला, गुरुवारी. शाळा लवकर सुटली होती आणि मी पेटीजवळ उभी होते. गाडीची धूळ वळणावर दिसली. मी कान टवकारले. हॉर्न वाजला नाही. धूळ जवळ आली, गाडी थांबली, डॅडनी खिडकीतून पाकीट पुढे केलं. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती, आमच्याकडे अंत्ययात्रेत काढतात तशी.

“पातळ आहे, पोरी,” ते म्हणाले.

मी पाकीट हातात घेतलंही नाही. शेजारच्या ट्विलाबाई आपल्या अंगणातून बघत होत्या. त्यांच्या ब्रेंटसाठी सोमवारीच दोन हॉर्न वाजले होते. आई मागून ओरडली, “अगं उघडून तरी बघ, येडे!”

“काय बघायचंय? ‘खेद होतो’ हे बघू? जाळून टाका.”

“बरं,” डॅड म्हणाले. “मी टाकतो पिंपात.” घरामागे आमचं कचरा जाळायचं पिंप होतं. संध्याकाळी त्यातून धूर निघताना मी खिडकीतून पाहिला आणि उशीत तोंड खुपसून रडले.

एक मे हा आमच्याकडे कॉलेजला होकार कळवायचा शेवटचा दिवस. त्या वर्षी तो रविवारी आला, म्हणून सोमवारी शाळेत सगळ्यांनी आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून यायचं. आम्ही बावीस जण, त्यातले एकोणीस राज्याच्या विद्यापीठाचे. मीही लाल शर्ट घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डॅड खास रजा काढून आले होते आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या तेच वाजवत होते.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडकंच आहे. विद्यापीठ वाईट नव्हतं. चांगलं होतं. शिकवणारे चांगले, मैत्रिणी चांगल्या, शनिवारी फुटबॉल. फक्त मला हवं होतं ते तिथे नव्हतं आणि जे होतं ते मला नको होतं. मी कार्यालय व्यवस्थापन शिकले. परत आले, तालुक्याच्या कचेरीत वाहन परवान्यांच्या खिडकीवर बसले, ती अजून बसलेली आहे. लग्न केलं, मोडलं. आईच्या आजारपणात घरी राहायला आले आणि ती गेल्यावर तिथेच राहिले. कुणी विचारलं की मी सांगायचे, “वॉर्डवेलवाल्यांनी मला घेतलं नाही.” तेवीस वर्षं मी स्वतःला दुय्यम दर्जाची समजत आले. एकाही वरिष्ठ पदासाठी मी अर्ज केला नाही. एकदा नाकारलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा कशाला तोंड दाखवायचं, असं मला मनापासून वाटायचं.

२०११ च्या एप्रिलमध्ये डॅड निवृत्त होणार होते. गावाने चर्चच्या सभागृहात समारंभ ठरवला आणि फोटोंचा फलक करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. फोटो शोधायला मी गॅरेजमधल्या त्यांच्या फळीवरचा जुना बिस्किटांचा डबा काढला. वर पदकं, रबरबँड, कुत्र्याने फाडलेल्या टोपीचा तुकडा. तळाशी पाकीट. माझं नाव. वॉर्डवेल कॉलेज. वरच्या कडेला चाकूने सरळ, स्वच्छ चीर दिलेली. डॅड आपलं टपाल तसंच उघडतात.

आत एक पान होतं आणि एक कार्ड. ‘आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो.’ आपला निबंध विशेष आवडल्यामुळे आपल्याकडून आमच्या राज्यातल्या मुलांइतकीच फी घेतली जाईल. सोबतचं कार्ड एक मेपर्यंत परत पाठवावं, ते मिळताच उरलेले कागद रवाना करू.

तेवढंच. बाकीचा गठ्ठा ते कार्डानंतर पाठवायचे. म्हणून पाकीट पातळ होतं.

मी ते घेऊन स्वयंपाकघरात गेले. डॅड सूप पीत होते. मी पाकीट बशीशेजारी ठेवलं. त्यांनी ते बघितलं, चमचा खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

“जाळ म्हणाली होतीस तू,” ते म्हणाले.

“मग जाळलं का नाही?”

“आधी उघडलं. तोवरच्या तेरा वर्षांच्या नोकरीत दुसऱ्याचं एकही पत्र उघडलं नव्हतं मी, मार्ला. पण म्हटलं, माझ्या पोरीत ह्या लोकांनी काय खोट काढली ते तरी बघू.”

“आणि?”

“आणि खोट नव्हती.”

“दोन आठवडे होते डॅड! चौदा एप्रिल ते एक मे!”

“रोज म्हणायचो, आज सांगतो.” ते खिडकीबाहेर बघायला लागले. “तुला माहीत नाही गं. मला माहीत होतं. जाड पाकीट घेऊन लांब गेलेलं पोर पहिल्या वर्षी दर आठवड्याला आईला पत्र टाकतं. दुसऱ्या वर्षी महिन्याला. मग नाताळचं कार्ड. मग त्या पेटीत नुसते जाहिरातींचे कागद, आणि म्हातारी तरी रोज पेटीपाशी उभी. मला विचारते, ‘आज काही आहे का, व्हर्लिन?’ प्रत्येक घराचं टपाल मीच टाकत होतो ना. माझ्या घराचं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला.”

“आईला ठाऊक होतं?”

“नाही.”

“ती दुसरी पाळी घेणार होती. मरेपर्यंत म्हणायची, मी आणखी चार जागी अर्ज करायला लावायला हवं होतं पोरीला. तिला वाटत राहिलं की तिचंच चुकलं. तेही ऐकत बसलात तुम्ही?”

त्यांनी पाकीट उचललं आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. मग म्हणाले, “तू इथे आहेस. तुला काही कमी पडलं का?”

मला त्या क्षणी सूपचं भांडं त्यांच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं. केलं नाही. मी त्यांच्यासाठी पाव कापून ठेवला आणि खोलीत निघून गेले. इतक्या वर्षांची सवय हातांना असते. मला माझ्या हातांचासुद्धा राग आला.

फलक मी पूर्ण केला. छान झाला, सगळे म्हणाले.

शेवटच्या दिवसाची तयारी गावाने गुपचूप केली होती. त्यांच्या मार्गावरच्या प्रत्येक घराने आपली गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायची आणि व्हर्लिन पेटीपाशी आला की दोनदा हॉर्न वाजवायचा. ट्विलाबाई आदल्या दिवशी खास सांगायला आल्या. “तुमचं घर शेवटचं, मार्ला. तू सगळ्यात जोरात वाजव हं. असा बाप नशिबाने मिळतो.” त्यांचा ब्रेंट ओरेगनमध्ये असतो. तीन वर्षांत आलेला नाही. म्हणजे वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतंच, आणि मला त्याचाच जास्त संताप येत होता.

सकाळी मी ते जुनं कार्ड काढलं. त्यावर दोन चौकोन होते, ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. मी ‘येणार’वर खूण केली, सही केली, आजची तारीख घातली. बाहेर जाऊन आमच्या पेटीत ठेवलं आणि बाजूचं लाल निशाण वर केलं. निशाण वर म्हणजे आत बाहेर जाणारं टपाल आहे. ते उचलून न्यायचं की नाही, हे टपालवाल्याच्या मर्जीवर नसतं.

दोन वाजता दुरून हॉर्न ऐकू यायला लागले. दोन, दोन, दोन, असे एकेक घर करत जवळ आले. ट्विलाबाईंनी तर पाच-सहा वेळा वाजवला. मी गाडीत जाऊन बसले नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. गाडी आमच्या पेटीपाशी थांबली. डॅडचे डोळे सुजलेले होते, सगळ्या रस्ताभर रडलेले असणार. त्यांनी निशाण बघितलं. पेटी उघडली, कार्ड काढलं आणि ते वाचलं. मग घराकडे बघितलं. मी हललेही नाही. शेजारून ट्विलाबाई ओरडत होत्या, “मार्ला, अगं वाजव की!”

त्यांनी निशाण खाली पाडलं, कार्ड समोरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि ते गेले.

ते कार्ड त्यांनी खरंच टाकलं. तिकीट न लावता पाठवायची जी सोय कॉलेजने त्यावर छापली होती, ती केव्हाच संपलेली होती. पोस्टातल्या बाईंनी मला नंतर सहज सांगितलं, “तुझ्या वडिलांनी शेवटच्या दिवशी एक तिकीट विकत घेतलं. स्वतः चिकटवलं. म्हणे, हे उशिरा चाललंय, आता तरी परत यायला नको.”

मेच्या अखेरीस वॉर्डवेलचं उत्तर आलं. नवा टपालवाला चुपचाप टाकून गेला. ह्या वेळी मी पेटीपाशीच उघडलं. कुण्या सज्जन कारकुनाने लिहिलं होतं की आपलं कार्ड बघून कचेरीतले सगळे चकित झाले, मात्र १९८८ ची जागा आता देता येत नाही. आपण नव्याने अर्ज अवश्य करावा. सोबत फॉर्म जोडला आहे. बाहेरच्या राज्यातल्या अर्जदारांची फी लागू राहील.

मी कागद परत पाकिटात घातले आणि घरात गेले. डॅड आरामखुर्चीत बसले होते. आता रोज तिथेच असतात. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तळहातावर ठेवलं आणि सवयीने एकदा तोललं. डावा खांदा जरा वर आला.

“पातळ आहे,” ते हळूच म्हणाले.

“उघडा ना,” मी म्हटलं. “माझी पत्रं उघडायची सवय आहे तुम्हाला.”

त्यांनी उघडलं. फॉर्म उलगडला, चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं नाही. चाळीस वर्षांची बाई, तिच्या खिडकीवर उद्या सकाळी आठ वाजता रांग लागणार होती. त्यांचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला.