कडुबा आचार्यांचं पाच मिनिटांचं भाषण

बीड बायपासवरच्या एका लॉनवर मी अकरा वर्षं मॅनेजर आहे. लोकांना वाटतं काय मजेची नोकरी, रोज गोडधोड! मला आता लग्नाच्या जेवणाचा नुसता वास आला तरी मळमळतं. मी घरून भाकरी आणि ठेचा आणतो आणि ऑफिसचं दार लावून खातो.

पाहुणे लग्न पुढून बघतात, मी ते मागून बघतो. मागे स्वयंपाकाच्या शेडला लागून उष्ट्याचे निळे टब ठेवलेले असतात. हजार माणसांच्या लग्नाला असे सात-आठ टब भरतात. एक घास खाऊन टाकलेले गुलाबजाम, न मोडलेल्या पोळ्या, पनीर, त्यावर हात पुसलेले कागद, त्यावर आइस्क्रीमचे कप. एप्रिलच्या उन्हात तासाभरात त्या सगळ्याला फेस येतो. या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, आणि इथं एक घोट पिऊन फेकलेल्या बाटल्या पोत्यांनी भरतात. आमचे आचारी जब्बारभाई त्या टबांकडे पाठ करून बसतात. म्हणतात, "ये लोगां खाने को नै आते साब, प्लेटां भरने को आते."

मंडपातली तऱ्हा तर विचारूच नका. पत्रिकेवर वेळ बारा वाजून वीस मिनिटांची, आणि नवरदेव तीन वाजेपर्यंत रस्त्यावर डीजेपुढं नाचतोय. नवरी धुरातून येणार, तो धूर नीट आला नाही म्हणून परत मागे जाऊन पुन्हा येणार. हार घालताना फोटोवाला ओरडणार, "एकदा परत, मॅडम!" अशा शेकडो लग्नांत ज्याच्याबद्दल वर्षानुवर्षं शिसारी आली नाही असा माणूस मला एकच भेटला, कडुबा.

कडुबा वाळूजच्या कंपनीत फिटर होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. राहायला मुकुंदवाडीत, पत्र्याच्या दोन खोल्या. बौद्ध पद्धतीची लग्नं लावणारे ते बौद्धाचार्य, आणि हे काम ते बावीस वर्षं करतायत. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पत्रिकेवरच्या वेळेआधी पंधरा मिनिटं हजर. एक रुपया घेत नाहीत, घेतला तर चहा. खरं तर त्या लग्नविधीइतकं सुटसुटीत दुसरं काही नसेल. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, हार, आशीर्वाद गाथा. वीस मिनिटांत संसाराला मोकळे. पण त्या वीस मिनिटांसाठी कडुबांना माझ्याकडे तीन-तीन तास ताटकळावं लागायचं. मग आम्ही कोठीत तांदळाच्या पोत्यांवर बसून लग्नांना शिव्या घालायचो. म्हणजे शिव्या मी घालायचो, ते मान हलवायचे.

हार घालून झाले की गाथेच्या आधी ते पाच मिनिटं बोलायचे. बावीस वर्षं तेच भाषण. "आईबापहो, ऐपत बघून लग्न करा. लेकराच्या शिक्षणाचा पैसा लोकांच्या ताटात वाढू नका. आपली लग्नं साधी ठेवा, लेकरं मोठी करा." टाळ्या कडकडून पडायच्या. टाळ्या वाजवलेले तेच हात लगेच चार तऱ्हेच्या मिठाईवर तुटून पडायचे.

फेब्रुवारीत एका दुपारी कडुबा ऑफिसात आले. त्या दिवशी कोणाचं लग्न नव्हतं.

"सुदर्शन, सव्वीस एप्रिल रिकामी हाय का?"

"कोणाचं लग्न लावताय?"

"आपल्या विशाखाचं."

मला खरोखर आनंद झाला. विशाखा त्यांची थोरली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, गुणी पोरगी. मुलगा प्रणय, चाकणला इंजिनिअर. त्याचे वडील धोंडिबा पैठणचे, रस्त्यांची कंत्राटं घेतात, समाजात वजन. मी म्हटलं, मागचा छोटा हॉल घ्या, मालकाला सांगून फुकट देतो, शंभर माणसं आरामात बसतील.

"दोन हजार धर," कडुबा म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. खिशातून एक कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. धोंडिबांच्या घरच्या कोणीतरी लिहून दिलेली यादी होती ती. मोठं लॉन, ड्रोन, नवरीच्या एन्ट्रीला फुलांची छत्री, गरमागरम जिलेबीचा काउंटर.

"त्यांनी मागितलं का हे सगळं?"

"मागितलं काय नाय. हुंडा नको म्हणले, भांडी नको, सोनं नको. फकस्त लगीन चांगलं करून द्या म्हणले. एकुलता एक पोरगा हाय."

हे वाक्य मी या ऑफिसात हजारदा ऐकलंय. आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या. हुंडा मागणारा निदान तोंड उघडून मागतो तरी. हे लोक काहीच न मागता बापाला सोलून काढतात आणि वर चारचौघांत 'आम्ही काही घेतलं नाही' म्हणून मिरवतात. मला या वाक्याची इतकी किळस आहे की माझं चाललं तर 'हे वाक्य इथं बोलू नये' अशी पाटीच ऑफिसच्या दारावर लावीन.

"पैसे कुठून आणणार?" मी विचारलं.

त्यांनी यादीची घडी करून ती परत खिशात घातली. मला ठाऊक होतं. कंपनीतून मिळालेले पैसे त्यांनी बँकेत ठेवले होते ते धाकट्या निशासाठी. निशा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. जूनमध्ये फी भरली नाही तर तिचं कॉलेज सुटणार होतं.

"आणि निशा?"

"बघू कायतरी."

"कडुबाभाऊ, तुम्ही? लोकांना बावीस वर्षं काय सांगताय तुम्ही?" माझा आवाज चढला. त्या क्षणी मला त्यांचीही शिसारी आली, खोटं कशाला बोलू.

"तुला लेक नाय सुदर्शन," ते हळूच म्हणाले. "उद्या तिच्या सासूनं म्हणलं, तुझ्या बापानं चहावर लगीन लावलं, तर ते तिला जल्मभर ऐकावं लागंल. लई चांगलं स्थळ हाय. हातचं जाऊ द्यायचं का?"

मी तारीख लिहून घेतली.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. जेवणाची ऑर्डर पक्की करण्याआधी नवी पार्टी दुसऱ्या कोणाच्या तरी लग्नात येऊन जेवणाची चव बघून जाते. ज्याचं लग्न असतं त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. त्याच्या पैशानं ही अनोळखी मंडळी जेवतात, नावं ठेवतात आणि ढेकर देत निघून जातात. धोंडिबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना मार्चमधल्या एका रविवारी बोलावलं. त्या दिवशीचं लग्न कडुबाच लावणार होते, हे मला माहीत होतं. मी दोघांनाही काही बोललो नाही. का बोललो नाही, ते माझं मला ठाऊक.

धोंडिबा अकरा माणसं घेऊन आले. होणाऱ्या सुनेनंही बघावं म्हणून विशाखाला बोलावलं होतं, ती लॅबमधून परस्पर आली. नवरदेव अजून रस्त्यावरच होता, पण बुफे सुरू झाला होता. आताशा लग्न लागण्याआधीच लोक जेवून घेतात. धोंडिबांनी ताट भरभरून घेतलं. प्रत्येक पदार्थाचा एक घास खाल्ला, अख्खं ताट टबात उलटं केलं आणि दुसरं घेतलं. "पनीर बरंय. रबडी पातळ. जिलेबी मात्र समोर तळून पायजे बरं का मॅनेजर." अकराच्या अकरा माणसांनी हेच केलं. त्यांच्यातल्या एका बाईनं तर बुंदीचा लाडू चावला, तोंड वाकडं केलं आणि हातातला लाडू तसाच काउंटरच्या थाळीत ठेवला. विशाखानं रिकामी प्लेट हातात धरली होती. ती एकटीच चालत मागच्या शेडकडं गेली आणि टबांपाशी बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिनं ओढणी नाकाला लावली होती.

सव्वातीनला लग्न लागलं. हार झाले. कडुबांनी माईक हातात घेतला, नेहमीप्रमाणे घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. "आईबापहो, ऐपत बघून लग्न करा. लेकराच्या शिक्षणाचा पैसा..." आणि समोर, तिसऱ्या रांगेच्या कडेला, हातात तिसरं ताट घेतलेले धोंडिबा त्यांना दिसले. शेजारी विशाखा.

ते थांबले. मी खांबाला टेकून बघत होतो. लोकांना वाटलं भाषण संपलं, म्हणून टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या धोंडिबांनी वाजवल्या, ताट खुर्चीवर ठेवून.

"टाळ्या वाजवू नका," कडुबा म्हणाले. "हे मी बावीस वर्षं बोलतोय. माझ्या स्वतःच्या लेकीचं लगीन ह्याच लॉनवर ठरलंय. दोन हजार माणसांचं. धाकटीच्या फीच्या पैशात. मी खोटारडा माणूस हाय. पण ते लगीन आता इथं व्हणार नाय. विहारात व्हईल, शंभर माणसांत व्हईल. ज्याला पटंल त्यानं यावं."

आणि लोकांनी काय करावं? आणखी जोरात टाळ्या वाजवल्या! शिट्ट्या आल्या. दहा-वीस मोबाइल तर पहिल्या वाक्यापासूनच वर होते. मग साउंडवाल्याला वाटलं कार्यक्रम संपला, त्यानं गाणं लावलं आणि आशीर्वाद गाथा त्या गोंगाटातच उरकली.

धोंडिबा तडक गाडीत जाऊन बसले. त्यांच्या अकरा माणसांनी मात्र जाता जाता पान खाल्लं.

दोन दिवसांत कडुबांचा व्हिडिओ शहरभर फिरला. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! जय भीम सर, खरा अनुयायी, असा बाप पाहिजे. लिहिणाऱ्यांतले दोघे त्याच आठवड्यात माझ्याकडं आले, मुलांच्या लग्नाची तारीख धरायला. एकानं पंधराशे प्लेटा सांगितल्या, दुसऱ्यानं अठराशे. दोघांनाही जिलेबी समोर तळून हवी होती. त्यातल्या एकाचा धाकटा मुलगाही लग्नाचा होता, बँकेत नोकरीला. मी सहज म्हटलं, विशाखा चांगली मुलगी आहे, बघा. तो म्हणाला, "मुलगी चांगलीये हो, पण बाप जरा डोक्यानं हा आहे." त्याच्या मोबाइलवर तोच व्हिडिओ चालू होता.

पैठणहून निरोप आला होता तो एवढाच, की चारचौघांत आमचं नाक कापलं, विषय संपला. निशाची फी जूनमध्ये भरली गेली. कडुबा मला तसं सांगायला आले तेव्हा मी त्यांचा हात धरून दाबला. मला त्यांचा अभिमान वाटत होता. त्या रविवारी गप्प राहिल्याची माझी टोचणीही जरा कमी झाली होती.

मग एका दुपारी विशाखा आली. रजिस्टरमधून नाव काढलं का, हे बघायला. एप्रिल कधीच उलटला होता, तिला हे माहीत होतं. बोलायला माणूस पाहिजे असेल. मी चहा मागवला आणि म्हटलं, "तुझ्या बापानं लई मोठं काम केलं, पोरी."

ज्या नजरेनं मी टबांकडं बघतो, त्याच नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं.

"काका, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "मला ते लग्न नकोच होतं. प्रणयशी मी आधीपासून बोलत होते, की विहारात करू. तो घाबरत होता, पण ऐकायला लागला होता. त्या दिवशी मागचे टब बघितले आणि ठरवलं, आज घरी जाऊन पप्पांशी बोलायचं, प्रणयला घेऊन त्याच्या पप्पांशी बोलायचं. चार दिवस लागले असते. पण पप्पांनी मला विचारलं नाही, प्रणयला विचारलं नाही. त्याच्या बापाला हजार लोकांसमोर उघडं पाडलं. त्यानंतर तो बिचारा कोणत्या तोंडानं माझ्या बाजूनं बोलणार होता?"

धोंडिबांना तो रविवार मीच दिला होता, हे मी तिलाही सांगितलं नाही. तेव्हा गप्प राहिलो होतो, तसाच आताही.

"चूक कबूल केली, चांगलं केलं," ती म्हणाली. "पण घरात सांगायला काय झालं होतं, काका? आमच्या घरात माईक नाही म्हणून?"

चहा तसाच ठेवून ती गेली. तिचं बोलणं मी कडुबांना जसंच्या तसं सांगितलं, कोठीत पोत्यावर बसल्या बसल्या. तो पुढचा रविवार होता आणि बाहेर नवरदेवाची मिरवणूक अजून चौकातच होती. ते म्हणाले, "मलाच सांगायचं व्हतं तिनं." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "पण मी ऐकलं असतं का?"

त्या दिवशी त्यांनी लग्न लावलं. प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, हार झाले, आणि सरळ गाथा म्हणून त्यांनी माईक खाली ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते भाषण झालं नाही. मी मंडपभर नजर टाकली, कोणी तरी विचारील म्हणून. लोक जिलेबीच्या काउंटरपुढं रांग लावून उभे होते.