पश्चिमेच्या खोलीतला गारवा

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर चुका काढायला. कुठे वारा असतो, कुठे रिकामं पोट, कुठे नुसतीच भीती... असे मनातल्या मनात शेरे मारत जाते. मी अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवते. त्यातून आमचं घराणं असं, की आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव नदीत सोडले आणि भूत-भानामतीलाही त्याच वाटेने लावलं. तेव्हा पुढचं वाचून कुणी नाक मुरडलं तर मला राग येणार नाही. मीही मुरडलं असतं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते, रिटायर झाल्यावर माझ्याकडे आले. आमचं भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. गेल्या उन्हाळ्यात बाबांना ऊन लागलं, तेही घरात बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर शरीर साथ देईलच असं नाही. कूलर आहे, पण लाइट गेली की तो शोभेचा. एसीत बाबांचे सांधे धरतात. म्हणून यंदा ठरवलं, काहीही करून खाली, जमिनीवरचं स्वतःचं घर बघायचं.

बाबांची अट एकच होती. "घर पाहाचं त मे महिन्यात, भर दुपारी. हिवाळ्यात सारेच घरं चांगले दिसतात."

तर भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून आम्ही घरं बघत हिंडत होतो. दलाल बिचारा आम्हाला बघितलं की घाम पुसायला लागायचा. त्यानेच एका जुन्या लेआउटमधलं तीन खोल्यांचं घर दाखवलं. दोन वर्षं बंद. मालकीणबाई मुलाकडे पुण्याला गेलेल्या, लाइटचं मीटरही काढून नेलेलं. पुढच्या दोन खोल्या भट्टीसारख्या तापलेल्या. मागची खोली पश्चिमेची, म्हणजे ती तर सगळ्यात वाईट असणार, हे मी दार उघडायच्या आधीच बोलून टाकलं.

दार उघडलं आणि आत गारवा होता. नुसता गारवा नाही, ओल्या वाळ्याचा वास. कूलर चालू असलेल्या खोलीत दुपारी जसं वाटतं, अगदी तसं. मी खिडकीकडे बघितलं. बाहेर कूलरचं लोखंडी स्टँड होतं, गंजलेलं आणि रिकामं. पलीकडे मोकळा प्लॉट, झाड नाही, कुणाची भिंत नाही. मी खालची फरशी चाचपली, कोरडी ठणठणीत. दलालाला विचारलं, खाली जुनी विहीर वगैरे आहे का? तो म्हणाला, नाही बा, इथे तर आधी पऱ्हाटीचं वावर होतं, कापसाचं. आम्ही हे बोलतोय तोवर बाबा दुपट्टा उशाला घेऊन फरशीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. आजारपणानंतर त्यांना दुपारची झोप कशी ती नव्हती. मला इतकं बरं वाटलं, की घर तिथेच पसंत करून टाकलं.

पण डोक्यातला किडा गप्प बसेना. दोन दिवसांनी शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर घेऊन गेले. बाबा बरोबर होतेच, ते गेल्या गेल्या मागच्या खोलीत आडवे झाले. एक पुढच्या खोलीत टांगला, एक मागच्या. गारवा होताच, वासही होता... आणि दोन्हीकडे पारा एकाच जागी — बेचाळीसवर! थर्मामीटर अदलाबदल करून बघितले, तेच. तेव्हा मात्र मी घाबरले. खोली खरंच तापलेली असेल आणि अंगाला फक्त गार वाटत असेल, तर बाबा तिथे झोपेतच जातील की! घाईघाईने त्यांच्या काखेत तापाचा थर्मामीटर लावला. ताप नव्हता. बाबा जागे झाले, माझी धावपळ बघून म्हणाले, "पारा खोटा नसंल पोरी. पन माही झोपही खोटी नाई."

शनिवारी इसार द्यायच्या आधी शेवटचं बघायला गेलो, तर मागची खोली तापून निघालेली. वास नाही, काही नाही. बाबा पाचच मिनिटं टेकले, तर चेहरा लाल. त्यांना आधार देऊन बाहेर आणलं आणि दलालाला सांगितलं, हे घर नको.

मालकीणबाईंच्या मुलाला निदान फोन करून कळवावं म्हणून रात्री पुण्याला फोन लावला. मुलगा बाहेर गेला होता, फोन काकूंनी घेतला, म्हणजे मालकीणबाईंनी. मी म्हटलं, घर छान आहे काकू, पण मागची खोली फार तापते. आधीच्या गारव्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

"कधी गेलते तुमी?"

"आज दुपारी."

"आज माह्या नातीचा बस्ता होता बाई. सारा दिवस लुगड्याच्या दुकानात गेला. तेवढं राहूनच गेलं."

काय राहून गेलं, ते त्यांनी मग सांगितलं. त्यांच्या यजमानांना लकवा झाला होता, ते त्या खोलीत पडून असायचे. रोज जेवण झालं की काकू बादलीने कूलरमध्ये पाणी टाकायच्या, वाळ्याच्या ताट्यांवर हाताने शिंपडायच्या. लाइट नसली तरी. यजमान गेले, घर बंद झालं, काकू पुण्याला सातव्या मजल्यावर आल्या. तिथे दुपार जाता जात नाही. मग जेवण झालं की डोळे मिटून पडायचं आणि त्या खिडकीशी जायचं. बादली भरायची, पाणी टाकायचं. रोज.

तरी मी मास्तरीणच. म्हटलं, काकू, आपण एक करून पाहू. एक दिवस टाका, एक दिवस नका टाकू, बाबांना न सांगता. काकूंनी साफ नाही म्हटलं. मानसाले उकाड्यात ठेवून पाहात नसतात, म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी दलालाला गाठून माझं 'नको' परत घेतलं. आता इसार दिला आहे, खरेदी व्हायची आहे. गारवा खरा म्हणावं तर पारा आडवा येतो, भास म्हणावं तर बाबांची झोप आडवी येते. वाचकांपैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा, मी पुस्तकं धुंडाळून थकले.

त्या रात्री फोन ठेवायच्या आधी, जे विचारायला जीभ रेटत नव्हती ते मी विचारलंच. घर आमच्या नावावर झालं, की तुम्ही थांबणार का?

काकू म्हणाल्या, "कोन झोपनार हाय तिथं?"

"माझे बाबा. त्यांना ऊन लागलं होतं."

"मंग नाव सांग त्यायचं. आतालोक आमच्या यायच्यासाठी टाकत होती. आता कोनासाठी टाकतो, ते त मालूम पायजे."

मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांना नीट ऐकू गेलं नसेल म्हणून दोनदा सांगितलं.