दोन नावांची एकच गोळी

शारजाच्या रोल्ला बाजारातल्या औषधांच्या दुकानात मी नोकरी करत होते, पण औषधं विकत नव्हते. शाम्पू, पावडरी, उन्हाची क्रीम्स आणि बाळांचे डायपर विकत होते. पुण्यात फार्मसीचं शिक्षण घेऊन, दोन वर्षं एका हॉस्पिटलात काम करून लग्नानंतर मी शारजाला आले. तिथल्या लायसन्सची परीक्षा अजून व्हायची होती. त्यामुळे मोठ्या फार्मासिस्टने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मॅडम, औषधाचं कोणी विचारलं तर मला हाक मारायची. तुम्ही बोलायचं नाही." नियम म्हणून ते बरोबरच होतं. माझा राग नियमावर नाही. त्या नियमाच्या आड मी जी गप्प बसले, त्यावर आहे.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुबईपलीकडच्या जबल अलीच्या कामगार कॅम्पवरचे लोक सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, रोल्लात यायचे. त्यातच एक शटरिंगचं काम करणारे सुतार होते, पंचेचाळिशीचे, रत्नागिरीकडचे. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते आधी माझ्याकडे यायचे. एका शुक्रवारी त्यांनी खिशातून गोळ्यांची कापलेली चंदेरी पट्टी काढली. चार गोळ्या उरल्या होत्या.

"ताई, ही मिळेल? शुगरची आहे. कंपनीला माहीत नाय, म्हणून कॅम्पच्या डॉक्टरकडे जाता येत नाय. गावच्या डॉक्टरने दिलेली."

पट्टीवर गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने ठेवलेलं नाव मोठ्या लाल अक्षरांत होतं. औषधाचं खरं नाव त्याच्याखाली बारीक अक्षरांत असतं. गावच्या दुकानदाराने पट्टी कापताना त्यातलं अर्धं कापून टाकलं होतं. उरलेल्या अक्षरांवरूनही मला कळलं, ग्लिबेनक्लामाइड. मी फार्मासिस्टला हाक मारली. तो फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्याने पट्टी पाहिली आणि शेल्फवरून एक खोका काढून समोर ठेवला. तेच औषध, तितक्याच ताकदीचं, पण परदेशी कंपनीचं, वेगळ्या नावाचं. बावीस दिरहॅम, म्हणजे आपले अडीचशे रुपये. खालच्या कप्प्यात तीच गोळी एका साध्या कंपनीची निम्म्या किमतीत पडलेली होती. ती त्याने दाखवलीही नाही.

सुतार खोका उलटसुलट करून बघत होते. "ये उसके साथ लेने का?" त्यांनी विचारलं.

"सेम है, सेम है. वैसे ही लेना," फार्मासिस्ट म्हणाला आणि पुन्हा फोनकडे वळला.

तो म्हणत होता की औषध तेच आहे, त्याच पद्धतीने घ्या. सुतारांनी ऐकलं की तिच्यासारखीच हीसुद्धा घ्या. त्यांची मान ज्या तऱ्हेने हलली, त्यावरून मला तिथल्या तिथे शंका आली. मी तोंड उघडलं. फार्मासिस्टने फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी शाम्पूच्या शेल्फकडे गेले. 'दादा, एकच घ्या, दोन्ही नको,' एवढंच वाक्य होतं. त्याला कुठलं लायसन्स लागत होतं?

तीन आठवड्यांनी, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी, त्यांच्या खोलीत राहणारा वेल्डर दुकानात आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत आमच्याकडचा खोका होता आणि गावाकडच्या सहा पट्ट्या, त्यातल्या दोन संपत आलेल्या. सुतारांनी आमचा खोका नेला त्याच आठवड्यात कोणीतरी सुट्टीवरून येताना त्या आणल्या होत्या.

"ताई, यातली नशा कसली आहे ते सांगा," तो म्हणाला. "आमच्या माणसाला दारुड्या ठरवलाय."

त्याने सांगितलं ते असं. मंगळवारी दुपारी साइटवर सुतार बडबडायला लागले, घामाने निथळले, फळीवरून तोल जाऊन खाली बसले. सुपरवायझरने काही विचारलं असता तोंडातल्या तोंडात पुटपुटले. सुपरवायझर म्हणाला, हा पिऊन आलाय. त्यांना बसमध्ये टाकून कॅम्पवर पाठवलं. पासपोर्ट कंपनीकडेच होता. आता व्हिसा कॅन्सल करून परत पाठवायचं ठरत होतं.

"तो सुपारीसुद्धा खात नाय हो," वेल्डर म्हणाला. "कॅम्पच्या कुकने त्याला चार चमचे साखर घातलेला चहा पाजला. पंधरा मिनिटांत उठून बसला, माणसांत आला."

मी पिशवी फार्मासिस्टच्या काउंटरवर उपडी केली. म्हटलं, "दोन्ही घेत होते ते. दुप्पट डोस. साखर किती खाली गेली असेल?"

तो शांतपणे म्हणाला, "मैंने तो सेम बोला था."

खरंच बोलला होता. अजूनही त्या वाक्याने माझं डोकं तापतं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुपारी घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, गाडी काढा. जबल अलीला जायचंय." काय झालं ते सांगताना माझा आवाज इतका चढला की मुलगी आतून बाहेर आली. "आई, व्हाय आर यू शाउटिंग?"

कॅम्पच्या खोलीत सुतार खाटेवर बसून होते. मला बघून उठायला लागले. मी आधी त्यांना दोन गोळ्यांचं समजावून सांगितलं. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आतलं औषध एकच. त्यांनी दोन्ही पट्ट्या जवळ ओढल्या; त्या दिवशी सकाळीही त्यांनी दोन्ही घेतल्या होत्या.

"मला वाटलं, एक गावची आणि एक इथली," ते म्हणाले. "इथली जोरकस असेल, दोन्हीने लवकर बरं होईल."

मग मी खरी अडचण बोलले. दारू नव्हती हे कंपनीला पटवायचं तर शुगर आहे हे सांगावं लागणार होतं. ती त्यांनी चार वर्षं लपवली होती. मी म्हटलं, "दादा, तुम्ही म्हणाल तसं करू."

त्यांनी फार विचार केला नाही. "आजारी म्हणून गावी गेलो तर लोक विचारपूस करतील. दारुड्या म्हणून गेलो तर माझ्या मुली मान वर करून फिरायच्या नाहीत. सांगा तुम्ही."

कॅम्पचा कारभार बघणारा कॅम्प बॉस आम्हाला बसा म्हणाला नाही. "मॅडम, सब ने देखा है. पिया हुआ था."

"कोणी वास घेतला?" मी विचारलं. "डॉक्टरला दाखवलं? चार चमचे साखरेने दारू उतरते का? कुकला बोलवा, विचारा."

कुक आला. त्याने जसं घडलं तसं सांगितलं. मी तिथेच बसून इंग्रजीत पत्र लिहिलं, दोन्ही पट्ट्या त्याला जोडल्या आणि सांगितलं की या माणसाला आजच सरकारी हॉस्पिटलात न्यायला हवं, कारण या गोळीचा असर एका चहाने संपत नाही. कॅम्प बॉस म्हणाला, "कल देखेंगे, इन्शाल्ला." शेवटी आम्हीच आमच्या गाडीतून त्यांना नेलं. तिथे रक्त तपासलं. साखर अजूनही कमीच होती. डॉक्टरने दोन दिवस ठेवून घेतलं आणि कागदावर स्पष्ट लिहून दिलं.

आठवड्याभराने कंपनीच्या मॅनेजरने नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला. अगदी सभ्य आवाजात त्याने सांगितलं की दारूचा आरोप फाइलमधून काढला आहे. आणि माणूस मेडिकली अनफिट असल्यामुळे त्याला परत पाठवत आहोत. खलास.

सुतार जाण्याआधी दुकानात येऊन गेले. माझ्यावर रागावलेले नव्हते. "ताई, तुम्ही नसतात तर मी दोन्ही घेतच राहिलो असतो," असं म्हणाले. मला ते ऐकवेना. मी असूनही ते तीन आठवडे दोन्ही घेतच होते. हे मी त्यांना सांगितलं. "मला त्याच दिवशी शंका आली होती आणि मी बोलले नाही," असं सरळ म्हटलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाले, "नोकरीत सगळ्यांनाच गप्प बसावं लागतं." त्यांनी मला माफ केलं असेल. मी नाही केलं.

त्या महिन्यापासून मी रिकाम्या वेळात कागदाच्या लहान पिशव्यांवर मराठीत आणि हिंदीत औषधाचं खरं नाव लिहून ठेवायला लागले. त्याखाली ओळ असायची, 'हेच औषध दुसऱ्या नावाने घरी असेल तर दोन्ही घेऊ नका.' फार्मासिस्टने दोनदा त्या पिशव्या कचऱ्यात टाकल्या. मालकाने बोलावून विचारलं की गिऱ्हाईक घाबरवायचं काम तुम्हाला कोणी दिलं. मी ती नोकरी सोडली.

परीक्षा पास झाले, दुसरीकडे काउंटरवर उभी राहिले. तिथे गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचे, "घरी आधीपासून काय काय घेता? पट्ट्या आणल्यात का?" स्वस्त गोळी दिली की काही जणांना ती नकली वाटायची. त्यांना बारीक अक्षरांतलं नाव बोटाने दाखवायचे. लोक वैतागायचे. ऑफिसातून घरी निघालेला एक जण म्हणाला होता, "यल्ला, चला लवकर, मॅडम, गाडी डबल पार्क केली आहे."

मी त्याच्या औषधांची पिशवी धरून ठेवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.