पोपटाच्या पिंजऱ्यातला हॅमस्टर

सांगलीतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानदारानं मला फसवलं. मुलीसाठी मी हॅमस्टर घेतला, भरपूर घासाघीस केली आणि सवयीनं विचारलं, "आता वर काय देतोस?" त्यानं पोपटाचा जुना पिंजरा हातात ठेवला. फुकट मिळाला म्हणून मी खुशीत विश्रामबागला घरी आले.

दुसऱ्या दिवसापासून हॅमस्टर पिंजऱ्याचे गज कुरतडायला लागला. चार दिवसांत त्याच्या नाकावरचे केस गेले, कातडी लाल झाली. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "आवं ताई, दात घासतंय ते. लोखंड चांगलंच की." मी त्याला नको नको ते बोलले.

मुलगी म्हणाली, "आई, त्याला उकरायला जागा पायजे. तुझी काचेची पेटी दे की."

ती पेटी म्हणजे माझं पहिलं दुकान. रहिमतपूरच्या बाजारात तिच्यात बांगड्या मांडूनच मी स्वतःच्या पायावर उभी राहिले. "माझ्या लक्ष्मीत उंदीर ठेवतीस व्हय?" मी ओरडले. पण ते नाक बघवेना. शेवटी मीच पेटी पुसली, वीतभर लाकडाचा भुसा भरला आणि वर जाळी बसवली.

आत सोडताच तो भुशात शिरला. कुरतडण्याचा आवाज पुन्हा आला नाही. त्या पेटीनं आधी मला जगवलं, आता त्याला. तिचे आणि माझ्या हट्टी मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

पण फुकटचं मागितलं मी आणि नाक सोललं त्या मुक्या जिवाचं. पोपटाचा पिंजरा देताना, हॅमस्टरला उकरायला जागा लागते हे दुकानदाराला माहीत नव्हतं का? त्यानं समोर येऊन उत्तर द्यावं.